कुंपणाआतला शेजार

महानगरांतील मोठ्या गृहसंकुलांत एकाच मजल्यावर दहा-दहा वर्षे राहूनही समोरच्या दारावरील पाटीपलीकडे शेजाऱ्याची ओळख नसणे, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. लिफ्टमध्ये दोघे भेटतात, मान किंचित हलते आणि मजला आला की ओळख तेथेच संपते. मात्र याच संकुलात एखाद्या घरी कुत्र्याचे पिलू आले, की महिन्याभरात चित्र पालटते. पिलाला दिवसातून दोन-तीन वेळा खाली न्यावे लागते. दुसऱ्या इमारतीतील कुत्रा त्याला हुंगायला येतो, दोन साखळ्यांचा गुंता होतो आणि तो सोडवताना दोन अनोळखी माणसे प्रथमच एकमेकांशी बोलतात. आधी चौकशी होते ती कुत्र्याच्या वयाची, मग पशुवैद्याची, आणि केव्हातरी गावाची व घरच्यांची.

हा केवळ श्वानप्रेमींचा भाबडा अनुभव नाही. ब्रिटनमधील वॉरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच व्यक्तीला काही दिवस कुत्र्यासह व काही दिवस कुत्र्याविना नेहमीच्या जागी पाठवले. कुत्रा सोबत असताना तिच्याशी बोलणाऱ्यांची संख्या कितीतरी वाढली. दुसऱ्या फेरीत दुसऱ्या व्यक्तीचा पोशाख कधी नीटनेटका, तर कधी गबाळा ठेवून पाहिले. तरीही कुत्र्याचा प्रभाव पोशाखाहून अधिक ठरला. पुढे २००५ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात झालेल्या पाहणीत पाळीव प्राणी असलेल्या घरांचा शेजारसंबंध, परस्परांची छोटी-मोठी कामे करण्याची वृत्ती आणि सार्वजनिक कामातील सहभाग अधिक आढळला. २०१५ साली पर्थसह अमेरिकेतील तीन शहरांच्या अभ्यासातूनही याच दिशेचे निष्कर्ष निघाले. कुत्र्यामुळे माणूस मनमिळाऊ होतो, की मनमिळाऊ माणूस कुत्रा पाळतो, हा प्रश्न अशा पाहण्यांनी पूर्णपणे सुटत नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु कुत्रा हा अनोळखी माणसांमधील पहिला शब्द ठरतो, एवढे म्हणायला हरकत नसावी.

या पहिल्या शब्दाचे संभाषण व्हायचे, तर त्याला जागा हवी. श्वान उद्यान ही ती जागा. कुत्र्यांना साखळीविना मोकळेपणी धावता यावे म्हणून कुंपण घालून राखलेला मैदानाचा तुकडा, एवढाच त्याचा बाह्य अर्थ. परंतु जेथे जेथे अशी उद्याने टिकली, तेथे ती कुंपणामुळे किंवा महापालिकेच्या पैशामुळे टिकली नाहीत. तेथे जमणाऱ्या माणसांनी आपसांत काही शिस्त मान्य केली म्हणून टिकली. भारतीय शहरांत आता अशा उद्यानांची मागणी वाढू लागली असताना ही गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

गावचा पार आणि शहरातील सदनिका

कुत्रा भारतीय समाजाला नवा नाही. धर्मराजाने स्वर्गाच्या दारातही ज्याची साथ सोडली नाही तो कुत्राच होता. दत्तात्रेयांच्या पायाशी आणि खंडोबाच्या सोबतीला कुत्रे आहेत. भाकरी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा महाराष्ट्रात लहानपणीच कानी पडते. परंतु या परंपरेतील कुत्रा बहुधा एका घराचा नसे. तो गल्लीचा, वस्तीचा, वाड्याचा असे. त्याच्या गळ्यात पट्टा नसे आणि त्याचा मालक कोण, हा प्रश्नही कोणी विचारीत नसे. शिळी भाकरी चार घरांतून मिळे आणि त्याच्या भुंकण्याचा लाभ चाळीस घरांना होई.

सातव्या मजल्यावरील सदनिकेत वाढणारा कुत्रा मात्र सर्वस्वी एका कुटुंबाचा आहे. त्याला गल्ली नाही, सवंगडी नाहीत आणि दिवसाचे बहुतेक तास फरशीवर पडून राहण्यापलीकडे उद्योग नाही. धावण्याची, हुंगण्याची, आपल्या जातीच्या प्राण्यांशी खेळण्याची त्याची गरज संपलेली नाही. ती कोंडली गेली आहे. लहानपणी इतर कुत्र्यांशी व माणसांशी संबंध न आलेला कुत्रा मोठेपणी भित्रा किंवा आक्रमक होण्याची शक्यता अधिक असते, असे पशुवैद्य सांगतात. म्हणजे कुत्र्यांना एकत्र खेळू देणे ही केवळ हौस नाही. कुत्र्याला घाबरणाऱ्या शेजाऱ्याच्याही ते हिताचे आहे.

आणि जे कुत्र्याचे, तेच थोड्याफार फरकाने त्याच्या मालकाचेही. गावात माणसांना पार होता, वाड्यात ओटा होता, चाळीत गॅलरी होती. सदनिकेत यांपैकी काहीच नाही. बदली होऊन परप्रांतात गेलेल्या अधिकाऱ्याच्या कुटुंबाला, मुले परदेशी असलेल्या निवृत्त दांपत्याला अथवा नोकरीसाठी एकट्याने राहणाऱ्या तरुणीला रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, काही काम न काढता भेटणारी माणसे मिळणे अवघड झाले आहे. श्वान उद्यानात ती मिळतात. तेथे माणसे एकमेकांना कुत्र्यांच्या नावाने ओळखतात. ‘ब्रूनोची आई’, ‘मोतीचे आजोबा’ हीच तेथील नावे. शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पालकांची ओळख जशी मुलांवरून होते, तशीच ही. हुद्दा, पगार, जात, भाषा यांची विचारपूस पुष्कळ उशिरा होते. कधी होतही नाही.

आधी कर्तव्य, मग जागा

श्वान उद्यानाची आधुनिक कल्पना अमेरिकेत रुजली. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे भुयारी रेल्वेच्या मार्गावर मोकळ्या झालेल्या जमिनीच्या एका भागात १९७९ साली सुरू झालेले ओलोनी श्वान उद्यान हे या प्रकारातील आद्य उद्यान मानले जाते. परंतु भारतीय वाचकाला अधिक बोलकी वाटेल ती न्यूयॉर्कची हकिकत.

१९७० च्या दशकात न्यूयॉर्कचे पदपथ कुत्र्यांच्या विष्ठेने बरबटलेले असत. श्वानपालक आणि इतर नागरिक यांच्यातील वाद विकोपाला गेला होता. मुलांच्या आरोग्याचा प्रश्न पुढे करून मोहिमा चालत होत्या. अखेर राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला आणि १ ऑगस्ट १९७८ पासून आपल्या कुत्र्याची घाण मालकाने स्वतः उचलणे सक्तीचे झाले. हा कायदा हास्यास्पद आहे, प्रत्येक कुत्र्यामागे पोलीस कोठून आणणार, असे अनेकांनी म्हटले. पोलीस आणावे लागले नाहीत. शेजारी पाहत आहे, ही जाणीवच पुरेशी ठरली. काही वर्षांत कागद किंवा पिशवी हाती असल्याशिवाय कुत्रा बाहेर नेणे लाजिरवाणे वाटू लागले.

याच शहरात मॅनहॅटनमधील टॉम्पकिन्स स्क्वेअर उद्यानात शहरातील पहिले सार्वजनिक श्वान उद्यान सुरू झाले ते १९९० साली, म्हणजे कायद्यानंतर बारा वर्षांनी. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी श्वानपालकांनी पदपथ स्वच्छ ठेवून दाखवला. उद्यानातील राखीव जागा त्यानंतर मिळाली.

न्यूयॉर्कने आणखी एक तोडगा काढला. जेथे वेगळी जागा देणे शक्य नव्हते, तेथे वेळ दिली. ठरावीक उद्यानांच्या ठरावीक भागांत रात्री नऊनंतर आणि सकाळी नऊपूर्वी, उद्यान खुले असेल त्या तासांत, कुत्र्यांना साखळीविना सोडण्याची अलिखित मुभा तेथे वर्षानुवर्षे होती. एका नागरिक संघटनेने तिला न्यायालयात आव्हान दिले. त्या वादातून २००७ साली ही मुभा नियमांत समाविष्ट झाली आणि तिच्याबरोबर रेबीजप्रतिबंधक लस व परवाना यांचा पुरावा जवळ बाळगण्याची अट आली. दिवसभर मुले खेळतात तेच मैदान पहाटे कुत्र्यांचे असते. जमीन तीच, कुंपण मात्र घड्याळाचे. जागेची टंचाई असलेल्या भारतीय शहरांना यातून बरेच घेण्यासारखे आहे.

आपल्याकडील दोन अनुभव

भारतातही प्रयोग सुरू झाले आहेत. हैदराबादच्या कोंडापूर भागात तेथील महानगरपालिकेने २०१८ साली सुमारे १.३ एकर जागेवर, सुमारे १ कोटी १० लाख रुपये खर्चून श्वान उद्यान उभारले. लहान व मोठ्या कुत्र्यांसाठी स्वतंत्र विभाग आणि इतर सोयी तेथे करण्यात आल्या. सार्वजनिक संस्थेने ही गरज ओळखून तिच्यासाठी खर्च केला, ही स्वागतार्ह गोष्ट होय.

दुसरा अनुभव बंगळूरचा. तेथील कब्बन पार्कात रविवारी सकाळी श्वानपालक जमतात. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या त्या शहरात कुत्र्यांच्या निमित्ताने मोठा स्नेहपरिवार निर्माण झाला. परंतु जून २०२२ मध्ये राज्याच्या उद्यान विभागाने १ जुलैपासून या उद्यानात पाळीव कुत्र्यांना बंदी करण्याचे ठरवले. काही मालक साखळी सोडतात आणि घाण उचलत नाहीत, ही तक्रार त्यामागे होती. श्वानप्रेमींनी जोरदार विरोध केला आणि बंदी लांबणीवर पडली. श्वानप्रेमींच्या दृष्टीने हा विजय खरा. पण काही थोड्या मालकांच्या बेपर्वाईने शेकडो जबाबदार मालकांचा रविवार पणाला लागला होता, हेही तितकेच खरे. अशा वेळी ‘आम्ही सगळे तसे नाही’ असे सांगून भागत नाही. जो उचलत नाही त्याला जागेवरच, सौजन्याने पण स्पष्टपणे सांगणे, हे तेथे जमणाऱ्या प्रत्येकाचे काम ठरते. शेजारधर्मात गोड बोलणे जेवढे मोलाचे, तेवढाच हा अवघड शब्दही.

कुंपणाच्या आतील नियम

चांगल्या श्वान उद्यानाचे नियम जगभर जवळपास सारखेच आहेत आणि प्रत्येकामागे अनुभव आहे. प्रवेशाला एकापाठोपाठ दोन फाटके असतात. एक बंद झाल्याविना दुसरे उघडायचे नाही, म्हणजे कुत्रा रस्त्यावर निसटत नाही. लहान व मोठ्या कुत्र्यांना वेगळे आवार असते. लसीकरण पूर्ण न झालेले पिलू, आजारी कुत्रा अथवा माजावर आलेली मादी यांना आत आणायचे नाही. खाद्यपदार्थ आणायचे नाहीत, कारण भांडणाचे मूळ बहुधा त्यातच असते. मालकाने बाकावर बसून मोबाईलमध्ये डोके घालायचे नाही. खेळ कोठे संपतो आणि चिडणे कोठे सुरू होते, याकडे त्याची नजर हवी. अंगावर गोचीड दिसली तर उपचार होईपर्यंत घरी राहायचे. आणि आपल्या कुत्र्याची घाण आपणच उचलायची.

यांतील लसीकरणाच्या नियमाला भारतात विशेष महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी एकतृतीयांशाहून अधिक मृत्यू भारतात होतात. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. मात्र लसीने तो पूर्णपणे टाळता येतो. म्हणून लसीची नोंदवही ही भारतीय श्वान उद्यानाची खरी प्रवेशपत्रिका असायला हवी.

भारतीय राज्यघटनेत १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेले प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगण्याचे कलम मूलभूत हक्कांच्या प्रकरणात नाही, तर मूलभूत कर्तव्यांच्या यादीत आहे. श्वानप्रेमाची सार्वजनिक बाजू यातून नेमकी स्पष्ट होते. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत गृहनिर्माण संस्थांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे सांगितले. त्याच सूचनांत मालकांनी स्वच्छता राखावी आणि शेजाऱ्यांना उपद्रव होऊ देऊ नये, असेही बजावले. पहिला भाग श्वानपालकांना तोंडपाठ असतो. दुसराही तसाच असावा, ही अपेक्षा गैर नाही.

आक्षेपांना उत्तर

श्वान उद्यानाच्या विरोधात तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला असा की, जेथे मुलांना खेळायला मैदान नाही आणि वृद्धांना बसायला बाक नाही, तेथे कुत्र्यांसाठी जमीन राखणे ही श्रीमंती चैन होय. हा आक्षेप डावलण्याजोगा नाही. मुलांच्या मैदानाचा एक फूटही कमी करून श्वान उद्यान होऊ नये. परंतु येथेच घड्याळाचे कुंपण उपयोगी पडते. पहाटेचा एक तास आणि रात्रीचा एक तास, एवढ्याने कोणाच्याही वाट्याचे काही जात नाही. त्या तासानंतर मैदान स्वच्छ मिळाले पाहिजे, एवढी मात्र अट.

दुसरा आक्षेप भीतीचा. कुत्र्याची भीती वाटणारी माणसे असतात, लहान मुले असतात, पूर्वी चावा सोसलेले असतात. ‘आमचा काही करत नाही’ हे त्यांच्यासाठी उत्तर नव्हे. उलट निश्चित जागा आणि निश्चित वेळ ठरली, तर उरलेल्या जागी व उरलेल्या वेळी त्यांना निर्धास्तपणे फिरता येईल. श्वान उद्यानाचा लाभ कुत्रे न पाळणाऱ्यांनाही होतो, तो असा.

तिसरा आक्षेप नैतिक आहे. महागड्या जातीच्या कुत्र्यांसाठी उद्यान आणि गल्लीतील कुत्र्यांसाठी काठी, हा कसला न्याय? शहरांतील कुत्र्यांचा हा वाद जुना आहे. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला होता आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले होते. अलीकडे २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांविषयीचा आपला आधीचा आदेश बदलताना, निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री मूळ भागात परत सोडावीत, रेबीजग्रस्त किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, आणि खाऊ घालण्यासाठी प्रत्येक प्रभागात जागा ठरवून द्याव्यात, असे सांगितले. त्यानंतरही हा प्रश्न न्यायालयापुढे येत राहिला. श्वान उद्यानाने तो सुटत नाही, हे उघड आहे. पण ज्या भागात श्वानपालक संघटित आहेत, तेथे गल्लीतील चार कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून घेणे, ठरलेल्या जागीच त्यांना खाऊ घालणे आणि शक्य असेल तर एखादे देशी पिलू घरी आणणे, ही कामे याच मंडळींकडून होऊ शकतात. तशी ती झाली नाहीत, तर हा आक्षेप खरा ठरेल.

ठेव आणि पत

बँकेचे ग्राहक व कर्मचारी यांना पत म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. पत मागून मिळत नाही. ती नियमित परतफेडीने, लहान-लहान व्यवहारांतून तयार होते. सार्वजनिक जीवनातही तसेच आहे. रोज सकाळी घाण उचलणारा हात, वेळेवर घातलेला पट्टा, घाबरलेल्या मुलाला पाहून दोन पावले मागे घेतलेला कुत्रा, ही सारी श्वानपालकांच्या खात्यातील जमा होय. त्या शिलकेच्या बळावरच त्यांना गृहसंस्थेकडे किंवा महापालिकेकडे जागेचा अर्ज करता येतो. खाते रिकामे असताना केलेला अर्ज फेटाळला गेला, तर तक्रार करण्यात अर्थ नाही.

सुरुवात लहान असावी. एखाद्या संकुलातील पाच-सात श्वानपालकांनी एकत्र यावे, लसीची एक नोंदवही ठेवावी, झाकणाचा एक कचऱ्याचा डबा आणावा आणि गृहसंस्थेच्या आवारातील एक कोपरा दिवसातून एक तास मागावा. सहा महिने तक्रार येऊ देऊ नये. त्यानंतर महापालिकेच्या दारी जाताना या मंडळींच्या हाती केवळ मागणीपत्र नसेल. सहा महिन्यांचा हिशोबही असेल.

या साऱ्या खटाटोपातून काय मिळते, याचे उत्तर एखाद्या उद्यानात काही दिवस उभे राहिले तर आपोआप कळते. कुत्र्याचे आयुष्य बारा-चौदा वर्षांचे. बहुतेक मालकांना आपला कुत्रा गेलेला पाहावा लागतो. नेहमीचे आजोबा दोन-चार दिवस दिसले नाहीत, की कोणीतरी फोन करते. मग कळते की मोती गेला. संध्याकाळी दोघे-तिघे त्यांच्या घरी जातात, चहा होतो, फारसे बोलणे होत नाही. काही दिवसांनी आजोबा पुन्हा फाटकाशी येतात. हातात साखळी नसते. आतील कुत्री धावत येऊन त्यांच्या पायांशी घोटाळतात आणि बाकावर कोणीतरी त्यांच्यासाठी सरकून जागा करून देते.